पडद्याची ट्रायल: सही करण्याआधी

मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा झाला की डोळ्यांच्या तपासणीत कधीतरी 'पडद्याला सूज आहे' हे वाक्य ऐकावं लागतं. इंजेक्शनं सुरू होतात. मग एखाद्या फेरीला डॉक्टर किंवा त्यांचे कोऑर्डिनेटर विचारतात, "नव्या औषधाचा स्टडी सुरू आहे. तुम्ही त्यात बसता का ते बघू का?" घरी पोहोचेपर्यंत त्याचं 'नवीन औषध फुकट मिळतंय' असं झालेलं असतं. शेजारचे काका म्हणतात, "अहो, प्रयोग करतील तुमच्यावर." दोघांचंही अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं सहसा कुणी सांगत नाही.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत 'पडदा' दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी 'पडदा आला' म्हणतात, ती कृत्रिम भिंगामागची पातळ पिशवी धुरकट झालेली असते. लेझरनं ती काही मिनिटांत मोकळी होते. इथे बोलायचंय ते रेटिनाबद्दल, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या भिंतीवर पसरलेल्या नाजूक थराबद्दल. त्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. पेपर वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्यावर चालतं.

द्राक्षबागेत ड्रिपची नळी एका जागी चिरली तर तिथल्या मुळांशी चिखल होतो आणि वेल पिवळी पडते. मधुमेहात मॅक्युलाजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. त्या पाझरतात, पाणी साचतं, मधली नजर अंधुक होते. ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते नळ्या आणखी गळक्या करतं आणि कधी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्याही उगवायला लावतं. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शनं हेच प्रथिन अडवतात. एका वेळी डोळ्यात जातं ते ०.०५ मिलिलिटर, साधारण एक थेंब. औषध नळी नवी बसवत नाही, गळती आवरतं. म्हणून काही आठवड्यांनी परत यावं लागतं. नव्या ट्रायलमधल्या बऱ्याच औषधांचा खटाटोप एवढ्याचसाठी आहे, की चार आठवड्यांचं अंतर बारा किंवा सोळा आठवड्यांवर कसं नेता येईल.

'चाचणी' हा शब्दही फसवा आहे. घरच्या मोठ्यांना 'चाचणी आहे' सांगितलं तर त्यांना रक्त-लघवीची तपासणी वाटते. म्हणून नव्या औषधाच्या अशा स्टडीला या लेखात सरळ 'ट्रायल' म्हणू.

ट्रायल कुणाच्या कामाची?

समजा, भुरीवर, म्हणजे द्राक्षवेलीच्या बुरशीवर, नवं औषध आलं. तुम्ही ते संपूर्ण बागेत फवारलं आणि भुरी गेली. पण त्याच आठवड्यात हवामानही बदललं. मग गुण औषधाचा की हवेचा? हे कळायला काही ओळी नव्या औषधाच्या आणि काही जुन्या औषधाच्या ठेवाव्या लागतात. शिवाय कुठली ओळ कुणाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. नाहीतर मन आपोआप निरोगी ओळींकडे नवं औषध वळवतं. आणि रोग मोजायला येणाऱ्याला कुठल्या ओळीवर काय मारलंय ते सांगायचं नाही, कारण माहीत असलं की डोळा तसंच बघतो.

डोळ्याच्या ट्रायलमध्ये हेच तीन नियम असतात. नव्या औषधाच्या शेजारी तुलनेचा गट असतो, कोण कुठल्या गटात हे संगणक चिठ्ठीसारखं ठरवतो, आणि मोजणाऱ्यापासून (बहुतेकदा रुग्णापासूनही) औषध लपवलेलं असतं. इतर विभागांत या लपवण्याला 'ब्लाइंडिंग' म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'मास्किंग' हा शब्द धरला, त्याचं कारण सांगायला नको.

यातून निघणारी एक गोष्ट रुग्णांना सगळ्यात उशिरा कळते. नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्या डोळ्याकडे बघून ठरवतात. ट्रायलमध्ये पुष्कळसं आधीच लिहून ठेवलेलं असतं: कधी इंजेक्शन, कुठलं, किती. तुमच्यासाठी जास्त चांगलं काय हे तिथे कुणी निवडत नाही, कारण दोन्हींतलं चांगलं कुठलं हेच माहीत नसतं. ते माहीत असतं तर ट्रायलची गरजच नव्हती. ट्रायलमध्ये तुमची काळजी घेतली जाते, बऱ्याचदा बाहेरपेक्षा जास्त बारकाईनं. पण ट्रायल रचलेली असते एका प्रश्नाचं उत्तर काढायला.

"म्हणजे अर्ध्या लोकांना पाण्याचं इंजेक्शन?"

ही सगळ्यात मोठी भीती, आणि तिला इतिहास आहे. रॅनिबिझुमॅबच्या ज्या मोठ्या ट्रायलचे निकाल २००६ मध्ये आले, तिच्यात वयोमानानं मॅक्युला झिजून तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवलेले ७१६ रुग्ण होते. एका गटाला खोटं इंजेक्शन दिलं जात होतं: सुई नसलेल्या सिरिंजचं टोक सुन्न केलेल्या डोळ्यावर दाबायचं, म्हणजे टोचल्यासारखं वाटतं. वर्षअखेर औषधाच्या गटातल्या सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकली होती. खोट्या इंजेक्शनच्या गटात सुमारे ६२ टक्क्यांची. इथे 'टिकली' म्हणजे तक्त्यावरची १५ अक्षरं गमावली नाहीत.

पण त्या निकालानंतर या आजारात नुसत्या खोट्या इंजेक्शनवर रुग्णाला ठेवणं कुठल्याच चांगल्या एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायल योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीला, मान्य होण्यासारखं राहिलं नाही. आता अशा आजारांत, मधुमेही सुजेतही, नव्या औषधाची तुलना सहसा चालू औषधाशी होते. खोटं टोचणं अजूनही असतं, पण वेगळ्या कामासाठी. एका गटाला दर चार आठवड्यांनी इंजेक्शन आणि दुसऱ्याला दर बारा, तर मधल्या फेऱ्यांना दुसऱ्या गटाला नुसता दाब देतात, म्हणजे कुणालाच सुगावा लागत नाही.

जिथे मान्य उपचारच नाही, अशा काही आजारांत मात्र एका गटाला खरंच औषध मिळत नाही. म्हणून सरळ विचारा: "तुलनेच्या गटाला काय देणार? आणि माझी नजर मध्येच घसरली तर?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात 'रेस्क्यू' हा शब्द यायला हवा. ठरलेल्या मर्यादेपलीकडे नजर घसरली तर नेहमीचं औषध द्यायची ती तरतूद असते. ती किती अक्षरं घसरल्यावर लागू होते, हेही लिहिलेलं असतं.

सही केली म्हणजे आत गेलात असं नाही

सहीनंतर 'स्क्रीनिंग' होतं, आणि तिथे बरेच जण गळतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नजर मोजतात ती चार मीटरवरच्या खास तक्त्यावर, अक्षरं मोजून. एका ओळीत पाच अक्षरं, ओळ बदलली की आकार ठरलेल्या प्रमाणात बदलतो. मधुमेही सुजेच्या अनेक ट्रायलमध्ये साधारण २४ ते ७८ अक्षरं वाचणारेच घेतात. फार चांगली नजर असेल तर सुधारणा दिसायला जागा नसते, फार वाईट असेल तर पडदा आधीच कायमचा बिघडलेला असू शकतो. ती अक्षरं इंग्रजी असतात. इंग्रजी येत नसेल तर आधीच सांगा. आकार ओळखून हातातल्या कार्डावर दाखवता आला तरी काही ठिकाणी चालतं, पण अंदाजानं बडबडलेलं चालत नाही.

त्यानंतर ओसीटी, म्हणजे प्रकाशानं काढलेला पडद्याचा उभा छेद. मॅक्युलाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि ती ठरलेल्या आकड्याच्या वर लागते. मोतीबिंदू दाट असेल तर हे चित्रच नीट येत नाही आणि माणूस तिथेच बाद होतो. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) फार वाढलेलं, रक्तदाब आटोक्याबाहेर, अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला, गेल्या काही महिन्यांत त्या डोळ्यात इंजेक्शन घेतलेलं, ही बाद होण्याची नेहमीची कारणं. काही जण आत शिरण्यासाठी जुनं इंजेक्शन किंवा हृदयाचा आजार लपवतात. ती अट कागदासाठी नसून तुमच्या जिवासाठी घातलेली असते, म्हणून हा सगळ्यात वाईट सौदा.

आणखी एक: ट्रायल बहुधा एकाच डोळ्याची असते. दुसऱ्या डोळ्याला मध्येच इंजेक्शन लागलं तर ते कोण देणार आणि पैसे कोण भरणार, हे आजच लिहून घ्या.

द्राक्षाचा हंगाम आणि चार आठवड्यांची फेरी

वर्षभराच्या ट्रायलमध्ये सहसा दर चार आठवड्यांनी फेरी असते, ठरल्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे चालतं. कित्येक ट्रायल दोन वर्षांच्या असतात. एका फेरीला तीन ते पाच तास धरा: रक्तदाब, तक्त्यावर नजर, डोळ्यातला दाब, बाहुली मोठी करायचे थेंब, ओसीटी, फोटो, कधी रक्त-लघवी. काही फेऱ्यांना हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, कुणाला थोडी मळमळ होते, घाबरायचं नाही. पण अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर तिथल्या तिथे सांगायचं. थेंबांमुळे चार-सहा तास समोरचं अंधुक दिसतं, तेव्हा दिंडोरी किंवा सिन्नरहून नाशिकला स्वतः मोटारसायकल हाणत येणं त्या दिवशी बंद. सोबत माणूस हवा.

ट्रायलचं केंद्र नाशिकमध्ये नसेल तर मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मुंबई असेल तर पहाटे निघून पंचवटी एक्सप्रेसनं जायचं आणि रात्री परतायचं, असे वर्षात बारा-तेरा दिवस. प्रवासखर्च मिळतो का, सोबतच्या माणसाचाही मिळतो का, रोख की खात्यात, हे विचारायला संकोच नको. ही रक्कम एथिक्स कमिटीनं मंजूर केलेली असते.

ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारी ते एप्रिलची माल काढणी यांत बागायतदाराला फेऱ्या जड जातात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरात गाडी आणणं हाही एक प्रश्नच. कॅलेंडर समोर ठेवून आधीच बोला. फेरी चुकली की संशोधकांच्या तक्त्यात भोक पडतं हे खरं, पण त्याआधी तुमच्या डोळ्याचं इंजेक्शन चुकतं.

इंजेक्शननंतरची मुख्य भीती जंतुसंसर्गाची. ती दर दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद-दुसऱ्यालाच होते, पण होते तेव्हा तासांचा हिशेब असतो. दोन ते सात दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा नजर अचानक उतरली, तर पुढच्या फेरीची वाट न बघता त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्री, केंद्रानं दिलेल्या कार्डवरच्या नंबरवर फोन. डोळा चोळायचा नाही, आत साधं पाणीही जाऊ द्यायचं नाही. रामकुंडावरची बुडी काही दिवस पुढे ढकला. गोदामाईही समजून घेईल.

"आमच्यावर प्रयोग करताय ना?"

हो. प्रयोगच आहे, आणि जो 'नाही' म्हणतो त्याच्यापासून सावध राहा. प्रश्न एवढाच, की प्रयोगाला कुंपण आहे का. आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ट्रायलच्या बेपर्वाईवर कान उपटले आणि त्यानंतर नियम आवळले गेले. आज लागू आहेत ते २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम.

नव्या औषधाच्या ट्रायलला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या कमिटीत किमान सात जण असतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच, एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री. गंभीर इजा झाली तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं. इजेवरचा उपचार मोफत, गरज असेल तोवर किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईतोवर, यांपैकी जे आधी घडेल तोवर. हे 'जे आधी' लक्षात ठेवा. इजा ट्रायलमुळे असेल तर भरपाई मिळते. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाख रुपयांच्या पायाभूत रकमेवर उभं आहे आणि त्यात वय व आजाराची जोखीम धरली जाते. मात्र औषधानं गुण आला नाही, एवढ्यावरच भरपाई मिळत नाही.

"डॉक्टरांना यात पैसे मिळतात ना?" मिळतात. प्रत्येक रुग्णामागे प्रायोजक कंपनी केंद्राला रक्कम देते, आणि तो करार कमिटीसमोर ठेवावा लागतो. विचारलंत तर चांगला डॉक्टर चिडत नाही.

वीस पानं वाचणार कोण?

हा विनोद कुणाच्या लक्षात कसा येत नाही कळत नाही: ज्यांना बारीक दिसत नाही, त्यांच्याच हातात बारीक टायपाचं पंधरा-वीस पानी संमतीपत्र देतात. मराठी प्रत मागा, मोठ्या टायपात मागा. वाचता येत नसेल तर सगळं संभाषण होईतोवर एक निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो आणि त्याची सही लागते. तो ट्रायलच्या टीममधला नसावा. दुर्बल गटातल्या माणसाला अगदी नव्या रेणूच्या (आधी कधीच मंजूर न झालेल्या औषधाच्या) ट्रायलमध्ये घेताना संमतीची दृक्‌श्राव्य नोंदही करावी लागते. त्या कॅमेऱ्याला घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा आहे.

कागद घरी न्या. दोन दिवस ठेवा, मुलीला-सुनेला वाचायला लावा, नेहमीच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. सही केलेल्या पत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. फॉर्मात वारसदाराचं नाव विचारलं की काही जणांच्या पोटात गोळा येतो. तो भरपाईसाठीचा नियमित रकाना आहे, बँकेच्या खात्यात असतो तसा.

जिथे पैसे मागतात

अमेरिकेत घडलेली एक गोष्ट २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तीन वृद्ध स्त्रियांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या 'स्टेम सेल' डोळ्यांत टोचून घेतल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींचीही नजर जवळजवळ गेली. त्यांतल्या काहींना वाटत होतं की आपण ट्रायलमध्ये आहोत, कारण सरकारी संकेतस्थळावर तशी नोंद सापडत होती.

यात धोक्याच्या तीन खुणा एकत्र आहेत. खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्ण भरत नाही. प्रायोगिक औषध सहसा दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टाकत नाहीत. आणि नोंद असणं म्हणजे मंजुरी असणं नव्हे.

तरी नोंद बघायचीच. भारतातली सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय. ती २००७ पासून आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. कोऑर्डिनेटरकडून नंबर घ्या. तो सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि क्रमांक असा असतो. संकेतस्थळावर तो टाकला की केंद्रांची यादी, प्रत्येक केंद्राच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, औषध नियंत्रकांच्या परवानगीची स्थिती, आत घेण्याचे आणि बाद करण्याचे निकष, सगळं दिसतं. तुम्ही ज्या दवाखान्यात बसला आहात त्याचं नाव यादीत नसेल तर उठा.

"एवढे लोक तपासले, मग औषध सुरक्षितच"

तसंही नाही. ब्रोल्युसिझुमॅब हे इंजेक्शन १,८०० हून जास्त रुग्णांच्या दोन ट्रायलनंतर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २०२० च्या सुरुवातीला पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मग त्या ट्रायलमधले १,०८८ डोळे तज्ज्ञांनी पुन्हा तपासले. ३६ डोळ्यांत तशी सूज सापडली आणि त्यांतल्या २३ मध्ये रक्तवाहिनी बंदही झाली होती. खुणा आधीच्याच नोंदींमध्ये होत्या. म्हणून 'थोडे जास्त काळे ठिपके तरंगतायत, जाऊ दे' असं फेरीत गिळून टाकू नका. तुमचं ते वाक्य पुढच्या हजारोंच्या उपयोगाचं असतं.

उलट बाजूही आहे. बेव्हासिझुमॅब हे मूळचं आतड्याच्या कर्करोगाचं स्वस्त औषध. ते महागड्या रॅनिबिझुमॅबइतकंच चालतं का, हे अमेरिकेत सरकारी पैशांतून १,२०८ रुग्णांवर तपासलं गेलं. २०११ मध्ये उत्तर आलं: वर्षभरानंतर नजरेत दोघांत फरक नाही. आज ज्याला महाग इंजेक्शन परवडत नाही त्याला डॉक्टर दुसरा पर्याय विश्वासानं सुचवू शकतात, त्यामागे असे आकडे असतात.

रातांधळेपणाच्या घराण्यांसाठी

रेटिनायटिस पिगमेंटोझात, म्हणजे वंशानं येणाऱ्या, रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या आजारात, जनुकीय उपचाराची चर्चा खूप असते. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेलं पहिलं औषध फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर चालतं. हा आजार डझनावारी जनुकांमुळे होतो, त्यामुळे जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हातात नसेल तर ट्रायलबद्दल विचारण्यात अर्थ नाही. इंजेक्शनची ट्रायल सोडता येते. पडद्याखाली एकदा सोडलेलं जनुक परत काढता येत नाही. शिवाय त्या डोळ्याला पुढच्या ट्रायलची दारं बंद होऊ शकतात. इथे घाई करू नका.

मध्येच सोडायचं असेल तर

कधीही सोडता येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. फक्त गुपचूप जाणं बंद करू नका. एक शेवटची फेरी करा, डोळा तपासून घ्या, आणि इंजेक्शनांच्या तारखांची यादी व ओसीटीच्या प्रती मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्याशिवाय अंधारात काम करावं लागतं.

ट्रायल पूर्ण करणाऱ्यांनी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून ठेवाव्यात. गुण आलेलं औषध नंतर मिळेल का? नियमात तशी तरतूद आहे, पण दुसरा पर्याय नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली असेल आणि कमिटीनं मान्य केलं असेल तरच. आणि आपल्याला कुठलं औषध मिळालं होतं ते कधी कळणार? सगळ्या केंद्रांची ट्रायल संपून मास्किंग उघडेपर्यंत वर्ष-दोन वर्षंही जातात, तोवर मोबाइल नंबर बदलतात. म्हणून केंद्रावर मुलाचा किंवा मुलीचा नंबरही लिहून ठेवा.